राजीनामा मंजूर झाला आहे

चिंचवड,
१२ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपण रोज फोनवर बोलतो, तरीही हे पत्र लिहिते आहे. फोनवर बाबा दोन वाक्ये ऐकून "बरं, आईशी बोल" म्हणतात, आई जेवण झाले का हे विचारते आणि मला जे सांगायचे असते ते राहून जाते. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. मी नोकरीचा राजीनामा दिला असून तो मंजूर झाला आहे. ३१ मार्च हा कंपनीतील माझा शेवटचा दिवस. त्यानंतर मी चाकणजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात निदेशक म्हणून रुजू होणार आहे. तेथे आयटीआय झालेली, आणि काही आयटीआयपर्यंतही न पोचलेली मुले-मुली येतात. त्यांना फिटिंग, मोजमाप आणि ड्रॉइंग वाचणे शिकवायचे आहे. रुजू होण्याची तारीख १ एप्रिल आहे, यावरचे सगळे विनोद दादाने करून झाले आहेत, तेव्हा ते आता कुणी करू नयेत.

तुमच्या मनात काय काय येईल हे मला ठाऊक आहे, म्हणून एकेक शंका फेडते. मला कुणी काढलेले नाही. उलट थांबण्याचा आग्रह झाला आणि वरच्या पदाचे बोलणेही झाले. माझे कुणाशी भांडण झालेले नाही. माझी तब्येत उत्तम आहे, डिसेंबरमध्येच सगळ्या तपासण्या झाल्या आणि आई, हिमोग्लोबिनसुद्धा बरोबर आहे. हा निर्णय तुमच्या जावयांशी बोलून घेतला आहे. घराचे हप्ते संपले नसते तर मी हे पाऊल उचललेच नसते, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. नातीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत, त्यांना कुणी हात लावणार नाही. काकांच्या वेळी जे झाले तसे काही होणार नाही, याचीही खात्री बाळगा. मी कर्ज काढून कोणताही धंदा सुरू करत नाही.

मग हे कशासाठी, असे बाबा विचारतील. क्वालिटी हेड झाले तेव्हा तुम्ही एसटी डेपोतल्या जुन्या मंडळींना पेढे वाटलेत, हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हा परिच्छेद लिहिताना मला सर्वांत जड जाते आहे. त्या पदावरचा माझा दिवस कसा जातो, हे मी तुम्हांला कधी नीट सांगितले नाही. सकाळी मीटिंग असते, त्यात काल किती नग नाकारले गेले याचे आकडे पडद्यावर येतात. दहा लाख नगांमागे सदोष किती, या हिशेबाला आम्ही पीपीएम म्हणतो, आणि तो आकडा वर गेला की माझा फोन वाजू लागतो. ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर आमचा एखादा नग खराब निघाला, की आठ टप्प्यांचा एट-डी अहवाल लिहायचा, त्याची स्लाइड करायची, त्या स्लाइडवर आणखी एक मीटिंग घ्यायची. शिवाय आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या मानकाचे ऑडिट आले की महिनाभर फायलीच फायली. हे काम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. गाडीच्या ब्रेकला आणि स्टिअरिंगला जो भाग लागतो त्याचे कागद चोख असलेच पाहिजेत, आणि ते चोख ठेवणारे लोक हवेतच. परंतु एकेक बढती मिळत गेली तशी मी मशीनपासून एकेक दार लांब गेले, आणि शेवटी ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप चालतो ती वस्तू हातात न घेता आठवडेच्या आठवडे जाऊ लागले.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. गेल्या पावसाळ्यात मी सहज खाली शॉपवर गेले होते. ग्राइंडिंगच्या पुढे तपासणीच्या टेबलावर एक शिकाऊ मुलगी बसली होती, परभणीकडची, कंपनीत येऊन महिनाही झाला नसावा. नग मापात आहे की नाही एवढेच सांगणारे गो-नोगो गेज कॅलिब्रेशनला गेले होते, म्हणून ती मायक्रोमीटरने पिना मोजत होती आणि तिच्या शेजारचा लाल क्रेट भराभर भरत होता. पिनेचा व्यास १२ मिलिमीटर, खालची मर्यादा ११.९८, तिचे माप येत होते ११.९७. मी तिच्या मागे उभी राहून पाहिले, तर ती मागचे टिक वाजणारे रॅचेट न वापरता थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, धरूनच पिळत होती, अगदी नळ घट्ट बंद करावा तशी. जोर जास्त पडला की माप कमी दाखवते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. मी तिला रॅचेटने टोक बंद करायला आणि तीन वेळा टिक ऐकू आले की थांबायला सांगितले. तीच पिन ११.९९ निघाली. तिने माझ्याकडे पाहिले, परत मोजली, मग न सांगता लाल क्रेट ओढून घेतला आणि त्यातले नग पहिल्यापासून मोजायला बसली. निम्म्याहून अधिक चांगले निघाले. त्या दुपारी मी तेथेच थांबले, थिंबलवरच्या रेघा कशा वाचायच्या, मोजण्याआधी शून्य कसे तपासायचे, पिन आणि मायक्रोमीटरची तोंडे का पुसून घ्यायची हे सगळे दाखवले, आणि जेवणाची आठवण मला चार वाजता झाली. (आई, हे एकदाच घडले. डबा मी रोज वेळेवर खाते.)

वरच्या मजल्यावर त्या लाल क्रेटचा एक टक्का होतो आणि त्या टक्क्याला कारण म्हणून "ऑपरेटरचे कौशल्य अपुरे" असे तीन शब्द लिहिले जातात. ते कौशल्य पुरे कुणी करायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याच मीटिंगच्या विषयपत्रिकेवर येत नाही. प्रशिक्षणाचे तास कागदावर भरलेले असतात, हजेरीवर सह्या असतात. त्या दिवसानंतर मी शनिवारी शिकाऊ मुलांचे वर्ग घेऊ लागले आणि माझा संपूर्ण आठवडा शनिवारकडे डोळे लावून जाऊ लागला. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने आठवड्यातल्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस ढकलावेत, हे मला बरे वाटेना.

आई म्हणेल, हे चाळिशीचे वारे आहे, येते आणि जाते. तुझे म्हणणे अगदीच चूक नाही. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतल्या लोकांच्या समाधानाचा अभ्यास मांडला होता. त्यात समाधानाची रेघ तरुणपणापासून खाली येते, चाळिशीच्या मध्यावर आणि उत्तरार्धात तळाला पोचते आणि पुढे आपोआप वर चढू लागते, असे दिसले होते. नंतर त्यावर वादही पुष्कळ झाले. मी ते वाचले तेव्हा मला धीरच आला आणि आपलेही असेच असेल म्हणून मी थांबून पाहिले. शनिवार सोडून इतर दिवशी रेघ काही चढली नाही, आणि शनिवारी ती खाली उतरली नाही. तळाला असण्याचा दोष वयाचाच असता, तर तो शनिवारीही दिसला असता.

बाबा, आता तुमच्याविषयी. "माझ्या हाताला जन्मभर ऑइल लागले, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून तिला शिकवले," हे तुमचे वाक्य आपल्या घरात किती वेळा बोलले गेले आहे, ते मला ठाऊक आहे. तुम्हांला असे वाटू देऊ नका की तुमचे ते सगळे ओव्हरटाइम मी पाण्यात घातले. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर तुम्ही वाइस बसवला होता आणि माझा हात पोचावा म्हणून खाली दोन विटा ठेवल्या होत्या. माझ्या हातावर हात ठेवून तुम्ही मला कानस चालवायला शिकवलीत: पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलून आणायची, कारण मागे ओढताना घासली तर तिचे दात मरतात. मग तुकड्याला गुण्या लावून तो आकाशाकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत वाइसमध्ये लावायचा. दादा पळून जात असे. मी मात्र अंधार पडेपर्यंत तेथे उभी असे, आणि तुम्ही एकदाही "मुलीला काय करायचे आहे हे" म्हणाला नाहीत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या तासाला सगळ्यांचे जॉब परत आले आणि माझा पहिल्याच फटक्यात पास झाला, तो काही पुस्तकामुळे नव्हे. मी जे शिकवणार आहे त्यातला पहिला धडा तुमचाच आहे आणि तो मी तुमच्याच पद्धतीने शिकवणार आहे.

पुण्याला येताना गाडी किर्लोस्करवाडीला आली की तुम्ही मला खिडकीशी बसवून लक्ष्मणरावांची गोष्ट सांगत असा, की औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर निवडुंग तोडून १९१० साली त्यांनी कारखाना उभा केला. त्या वेळी ते चाळिशीत होते. गोष्टीतला एक भाग तुम्ही नेहमी भरभर संपवत असा: बेळगावच्या सायकलींच्या दुकानाच्याही आधी ते मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ते वर्गातून कारखान्यात गेले, मी कारखान्यातून वर्गात जाते आहे. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही, एवढे मला कळते. पण ज्या वयात ते माळावर उतरले त्या वयाला तुम्ही कधी "आता उशीर झाला" असे म्हणाला नाहीत, एवढीच आठवण करून देते.

आणि आई, खरे सांगायचे तर मला हे सुचले ते तुझ्यामुळे. घरात पगार बाबांचा येत असे, म्हणून बाबांच्या कामाला आम्ही काम म्हणत होतो, आणि तुझ्या शिवणक्लासला "आईचा क्लास". बाहेरच्या खोलीत बसलेल्या त्या मुलींचा कलकल आवाज, जमिनीवर पसरलेले वर्तमानपत्राचे कटिंग, आणि कटोरी नीट बसली नाही की तू शांतपणे पुढे सरकवलेली ती छोटी कात्री, "उसव" एवढेच म्हणत. तेव्हा मला तुझा राग येई. आता गणपती पेठेत एखादी बाई रिक्षा थांबवून उतरते आणि तुला वाकून नमस्कार करते, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे येते ते मी आमच्या कंपनीत निवृत्तीच्या समारंभातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही. मला ते हवे आहे, असे लिहिले तर स्वार्थीपणाचे वाटेल. वाटू दे.

आता पैशांचे सांगते, कारण तुम्ही विचारणार नाही आणि रात्री जागत बसाल. पगार आताच्या साधारण तिसरा हिस्सा होईल. घरखर्च तुमच्या जावयांच्या पगारात भागतो, हे आम्ही माझा पगार बाजूला ठेवून, प्रत्यक्ष तसे राहून पाहिले आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी मिळेल, ती जशीच्या तशी मुदत ठेवीत जाईल. भविष्य निर्वाह निधीला मी हात लावणार नाही, तो नव्या ठिकाणी वर्ग होईल. ईपीएस-९५ चे पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होईल, परंतु ते किती तुटपुंजे असते हे मी एसटीच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या घरी येणाऱ्या कामवाल्या मावशींचा पगार, औषधे आणि विजेचे बिल जसे माझ्याकडून जाते तसेच जाईल. त्यात एक रुपयाचाही फरक पडणार नाही, आणि "आम्ही मावशींना अर्धा वेळच बोलावतो" असले प्रयोग कृपया करू नका. दुपारच्या चहासोबतची खारी बंद केल्याचे मला कळले, तर मी पुढच्या गाडीने सांगलीला येईन.

एका गोष्टीबद्दल मात्र मन खाते आहे. लिफ्टचा फ्लॅट आता लगेच होणार नाही. मी शब्द दिला होता आणि आईने देवघर कुठे ठेवायचे हेही ठरवले होते. तो बेत रद्द झालेला नाही, पुढे गेला आहे. मधल्या काळात दोन मजले चढायचे नाहीत, यासाठी मी भाड्याच्या घराची चौकशी केली आहे. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला तळमजला नको वाटतो, हे बाबांचे म्हणणे मला पटते. म्हणून जेथे त्या दोन्ही वेळी पाणी आले नव्हते अशाच भागात मी पाहते आहे, आणि शेजाऱ्यांना विचारून खात्री केल्याशिवाय नक्की करणार नाही. बाबांचा वाइस तेथे मागच्या अंगणात बसेल. तुळशीसाठीही जागा आहे. नाही आवडले तर परत येऊ, पण पाहायला तरी या.

आता जे लिहिते त्यात वाद नको. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन फेब्रुवारीतच करायचे आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात तुम्ही दोघे आहात, आणि ते संरक्षण माझ्या शेवटच्या दिवसाबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत तुम्हांला घेण्यासाठी मी अर्ज केला आहे, आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेल्या सप्टेंबरपासून उठल्यामुळे हप्ताही पूर्वीपेक्षा हलका पडेल. तरीही तुमच्या वयात ते कोणत्या अटी घालतील याचा भरवसा धरून बसण्यात अर्थ नाही. संक्रांत झाली, रथसप्तमी झाली की हळदीकुंकू उरकून घे आणि डॉक्टरांकडे जा. मिरजेतच करायचे, हा बाबांचा हट्ट मला मान्य आहे. डॉक्टरांशी माझे बोलणे झाले आहे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे तेथे कुणी अवाच्या सवा मागू शकत नाही. सांध्याचा वरचा धातूचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो आणि आरशासारखा घासलेला असतो, तेव्हा बाबा, डॉक्टरांकडे त्याचे ड्रॉइंग आणि टॉलरन्स मागू नका. मी मागून घेतले आहे. ऑपरेशनच्या वेळी माझी रजा ठरलेली आहे आणि मी वॉकर, उंच खुर्ची आणि उंच कमोड सगळे घेऊन येईन. त्यानंतर पाटावर बसून पूजा नाही, खुर्चीवर बसून. देवाला चालते, मी विचारले आहे. शिवणाच्या मशीनचे पायडल बंद होईल, पण मशीन बंद होणार नाही. तिला मोटर बसवून देते, तिचे छोटे पायडल डाव्या पायाने दाबता येते.

बाबा, तुमची तीन कामे. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ते दोघांचेही काढून घ्या. आधार कार्ड घेऊन गेले की होते, आणि "सरकारी कार्डाची आपल्याला काय गरज" हे ऐकून घेतले जाणार नाही. तुमच्या हयातीच्या दाखल्याची मुदत फेब्रुवारीत संपते. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, रांगेत उभे राहू नका. आणि पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट झाला म्हणून आईला घेऊन कोल्हापूर-पंढरपूर करत हिंडायचे नाही. तुमच्या लालपरीवर माझे प्रेम आहे, पण तिची पहिली पायरी आईच्या गुडघ्याच्या मानाने फार उंच आहे.

समोरच्या काकूंना काय सांगायचे, हा आईचा प्रश्न उरला. सांग की मुलगी मास्तरीण झाली. त्यांना ते कळेल, आणि पगार किती हे त्या विचारतीलच, तेव्हा "पुरतो" म्हण.

तुम्हांला राग आला असेल तर तो फोनवर गप्प बसून काढू नका, बोलून काढा. मी ऐकून घेईन. निर्णय बदलणार नाही, पण ऐकून मात्र घेईन.

तुमची,
छोटी

ता. क. दादाला सगळे आधीच कळवलेले आहे आणि त्याला ते पटलेही आहे. तेव्हा रात्री त्याला फोन करून "तू तरी तिला समजाव" असे सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत. आणि बाबा, तुमची अर्धगोल कानस मला हवी आहे, ती पेटीत तळाला आहे. येईन तेव्हा काढून ठेवा, पण पेटी एकट्याने उचलू नका.